मातीला कोण आलं?

आमच्या दाजींइतका कडक समीक्षक साताऱ्यापासून सांगलीपर्यंत दुसरा नाही, आणि असलाच तर त्याने आधी मला येऊन भेटावं! दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि फलटणजवळ उसात रमले. त्यांची समीक्षा कुठे छापून येत नाही. ती मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड होते आणि घरच्या ग्रुपवर येऊन आदळते. सांगलीत मी ती चहाच्या टपरीवर मोठ्या आवाजात लावतो, तेव्हा माणसं कप तसाच धरून ऐकत राहतात आणि माझी छाती उगाच फुगते.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी लंडनमधल्या टोळ्यांची एक ब्रिटिश मालिका हाती घेतली. त्याला कारण होतं. त्यांची एकुलती एक लेक, आमची सुमी, लंडनच्या इस्पितळात नर्स आहे. तिला तिथे कायमची नोकरी मिळत होती. पण सही करण्याआधी तिला वडिलांच्या तोंडून 'हो' ऐकायचं होतं. दाजी हो म्हणेनात, नाही म्हणेनात. मालिका बघत बसले.

बघायची रीतही फौजी. ताठ खुर्ची, पायात बूट, रिमोट छातीशी. इंग्रजी संवाद अर्धे कळत, उरलेले ते चेहऱ्यांवरून वसूल करत. घडीघडी चित्र थांबवून निकाल. "पिस्तूल कसं धरलंय बघा! आंघोळीचा तांब्या हाय का रं त्यो?" मी एकदा विचारलं, "दाजी, खुनी कोण असेल?" तर मी परेडला लुंगी नेसून आल्यासारखं त्यांनी मला न्याहाळलं. "पाव्हणं, खुनी पोलीस हुडकतील. आपण मातीला कोण आलं, ते बघायचं."

हीच त्यांची कसोटी. पंचक्रोशीतली एकही माती, म्हणजे अंत्यविधी, ते चुकवत नाहीत, वैऱ्याचीसुद्धा. आणि मालिकेत पोरं पटापट मरत होती, पुढच्या दृश्यात मोटारी पळायला मोकळ्या. ग्रुपवर दाजी कडाडले, "फोटोग्राफी फर्स्ट क्लास. पण गावात माणूस न्हाई! शेजारी दार लावून घेत्यात."



"आवं, नाटक हाय ते!" अक्का करवादली. "पोरगी तिकडं वाट बघतीया."

"म्हणूनच शेवट बघितल्याबिगर मी बोलत न्हाई."

शेवटच्या भागाला मी मुद्दाम सांगलीहून गेलो. रविवारची सकाळ. पडद्यावर पुलाखाली एक कोवळा पोरगा मारला गेला. दाजींनी रिमोट उगारला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक म्हातारी खाली आली. त्याची कुणी नव्हे, नुसती शेजारीण. तिनं कठड्याला फुलं बांधली, मेणबत्ती लावली. मग दुकानदार आला. मग एकेक दार उघडत गेलं आणि माणसं पावसात गप उभी राहिली.

दाजीही उठून उभे राहिले, टाचा जुळवून. अक्का पिठाच्या हातांनी दारात आलेली. मग त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला.

"सुमे, मालिका बरी हाय. पिस्तूल धरायला कुणीतरी शिकवा त्यास्नी. पण माणसं आली बघ शेवटाला. सही कर बाळा."

ही समीक्षा मी टपरीवर आजही अभिमानाने लावतो, आणि "बाळा"वर थांबवतो. बोलणं संपल्यावरही दाजींचा अंगठा बटणावरून उचलला गेला नव्हता. पुढे नुसता पंखा ऐकू येतो, लांबून जाणारा उसाचा ट्रॅक्टर, आणि मग अक्काला म्हणालेले दाजी, कधी नव्हे इतक्या हलक्या आवाजात, "लय लांब हाय गं ते."