व्यंकटरावांच्या कपाटातला पेनड्राइव्ह

“सर, कुलूप चोरासाठी असतं का हापिसासाठी?” लुंबिनी सोनकांबळेने मला विचारले. ती आमच्या औशाच्या महाविद्यालयात माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करीत होती. घरात मार खाणाऱ्या बायकांच्या मुलाखती तिने पेनड्राइव्हवर साठवल्या होत्या. नाव कोठेही फुटणार नाही, असा शब्द देऊन. नियमाप्रमाणे तो पेनड्राइव्ह कार्यालयात जमा करायचा होता. त्यापूर्वी परवलीच्या शब्दाविना तो उघडूच नये, असे सॉफ्टवेअर तिला हवे होते.

कार्यालय अधीक्षक व्यंकटरावांनी रीतसर खरेदी समिती नेमली. संगणक विभागातील जीशानने जगभर पारखलेले एक मोफत सॉफ्टवेअर सुचवले.

“कोटेशन?”

“फुकट आहे, साहेब.”

“फुकटचं बी कोटेशन लागतंय. शून्य रुपये लिहून, शिक्का मारून आण.”

“शिक्का कोण मारणार? त्याला दुकानच न्हाई.”

“मंग ज्याला दुकान न्हाई, त्याच्या हाती आमचं कुलूप देऊ व्हय, जीशानमियाँ?”

अखेर लातूरहून तीन दुकानांची कोटेशने आली; तिन्हींवरचे हस्ताक्षर एकच होते. त्यांतले सर्वांत स्वस्त सॉफ्टवेअर विकत घेतले गेले. ते उत्तम चालले, हे नमूद केले पाहिजे.

तथापि तपासणीच्या वेळी जी वस्तू उघडत नाही ती कार्यालयात नाहीच, ही व्यंकटरावांची सेवाभर जपलेली श्रद्धा होती. पेनड्राइव्ह जमा होताच त्यांनी लुंबिनीकडून परवलीचा शब्द मागून घेतला, सुवाच्य अक्षरात कागदावर लिहून पेनड्राइव्हलाच चिकटवला आणि पुसू नये म्हणून वर पारदर्शक पट्टी लावली.

लुंबिनी म्हणाली, “साहेब, हे कुणीबी उघडंल की!”

“कुणीबी कसं? कपाटात हाय. हापिसातलेच लोक उघडत्याल. घरचेच हाव आपण.”

मुलाखत दिलेल्या एका बाईचा नवरा त्याच कार्यालयात लिपिक होता. हे सांगावे तर दिलेला शब्द तिथेच मोडत होता. मलाही तिने ते फार उशिरा सांगितले, आणि नाव तेव्हाही घेतले नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने तिने पेनड्राइव्ह मागून घेतला, सगळे पुसले आणि रिकामा करून परत केला. दुसरी प्रत तिने ठेवलीच नव्हती.

वार्षिक तपासणीला आलेल्या समितीसमोर व्यंकटरावांनी तो उघडून दाखवला. समितीने शेरा दिला: व्यवस्थित उघडतो.

मुलाखतींविना प्रबंध उभा राहिला नाही. २०२३ साली लुंबिनीची नोंदणी रद्द झाली. २०२४ पासून ती माहूरच्या एका पतसंस्थेत लिपिक आहे.