तिसऱ्या उकळीचा चहा

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, तरी सांगतो, कारण आमच्या तिगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते ती माझ्यापेक्षा तिखटमीठ लावून सांगतात.

मागच्या हंगामात बायको भाच्याच्या बारशासाठी मोहगावला, भावाकडे गेली. नेमका तेव्हाच माझा सगळा कापूस फुटलेला, आणि वर आभाळ भरून आलेलं. एक पाऊस पडला की पांढरा कापूस काळा. आणि वेचायला बाया मिळणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं वावर आहे त्याला विचारा. आमच्याकडे बाया आधी विचारतात, चहा कोण करते? माझ्याकडच्या दहा जणी बायकोच्या अद्रकाच्या चहावर टिकून होत्या. आता ते खातं माझ्याकडे आलं.

त्यातच मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. चीनमधल्या कुठल्याशा डोंगरातला म्हातारा एकच पत्ती पाच-पाच वेळा भिजवतो. म्हणतो, खरी चव तिसऱ्या पाण्याला उतरते. मला पटलं हो. जन्मभर आपण चव उकिरड्यावर फेकत आलो, असं वाटून खरंच वाईट वाटलं.

मग काय, सकाळी वावरात चूल मांडून मोठा गंजभर चहा केला, चोथा फडक्यात बांधून ठेवला. दहा वाजता तीच पत्ती. दुपारी पुन्हा तीच, आणि तीही छाती फुगवून.

बायांची म्होरकी कांताबाई. तिनं कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, नुसतं दूध तापवलं का?"

"चहा आहे तो. तिसऱ्या उकळीचा."

"घरची पत्ती सरली का जी?"

"नाही. डबा भरला आहे. पण मी त्याले हात लावत नाही."

"अन् वहिनी कधी येते?"

"ती कवाही येऊ दे," मी जरा तोऱ्यातच म्हणालो. "मी आहो न."

बायांनी एकमेकींकडे पाहत एकेक घोट घेतला. मला वाटलं, चव घेऊन राहिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी वावरात एक बाई नाही. पाहतो तर धुऱ्याच्या बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या कापसात, नवऱ्यांचे जुने शर्ट साडीवर चढवून दहाच्या दहा जणी वेचताहेत. मी धावत गेलो.

"काहून जी कांताबाई, माझा कापूस सोडून इकडं?"

"भाऊ, आधी घरचं निस्तरा. वहिनी रुसून गेली, डब्याले हात लावू देत नाही, अन् तुम्ही चोथा उकळून राह्यले. आम्हाले पाहवत नाही."

मी समजावलं. चीन, डोंगर, म्हातारा, पाच पाणी. जितकं सांगत गेलो तितके त्यांचे चेहरे उतरत गेले. शेवटी एकजण दुसरीला हळूच म्हणाली, "लईच मनाले लावून घेतलं बिचाऱ्यानं."

दुपारी मोटरसायकल आली. साळा चालवतोय, मागे बायको. गाडी थांबायच्या आत तिनं सुरू केलं, "मी तिथं बारशाचे लाडू बांधून राह्यली होती, अन् लोक फोन करून विचारते, नवरा काहून सोडला?"

साळा गाडीवरून उतरला. मान खाली घालून त्यानं माझ्या हातात पत्तीचा अर्धा किलोचा पुडा ठेवला. इतकी लाज मला लग्नात नाव घेतानाही वाटली नव्हती.

मी तिला व्हिडिओ दाखवला. तिनं शांतपणे पूर्ण पाहिला.

"अहो, त्याचं अख्खं पान आहे. हळूहळू उलगडते ते. आपली दाणेदार पत्ती, एका उकळीत तिचा जीव जाते. तुम्ही बायांले गढूळ पाणी पाजलं."

मग तिच्या मागे मागे मी कांताबाईच्या दारात. चुकलं म्हणालो. कांताबाईनं एकच अट घातली, भाऊनं चुलीजवळ यायचं नाही. कबूल केलं. आभाळ डोक्यावर होतं, दुसरं काय करणार?

बाया आल्या. दोन दिवसांत सगळा कापूस घरात पडला आणि तिसऱ्या दिवशी पाऊस.

वेचणीच्या शेवटच्या दुपारी बायकोनं चहा गाळला, अद्रकाचा, कडक. मी अट पाळून लांब उभा. तिनं चाळणी कापसाच्या एका पऱ्हाटीच्या बुडाशी झटकली. वाफाळती, काळीभोर पत्ती. माझी नजर तिकडे गेली. नुसती नजर, देवाशपथ.

दहाही जणी एका सुरात म्हणाल्या, "भाऊ, नका पाहू तिकडं."