सहमच्या वाळूवर बर्फाचा तंबू

मस्कतजवळच्या रुसैलमध्ये आमचं काम एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बनवायचं. कापलेल्या पत्र्याचे तुकडे जसे पायाखाली साचतात, तसे आमच्या शॉपमध्ये किस्से साचतात. झाडून टाकावेत तर संध्याकाळी पुन्हा ढीग! गेल्या हिवाळ्यातले सगळे किस्से मात्र एकाच वस्तूचे आहेत. बर्फावर बसून मासे पकडायचा तंबू. हो, बर्फावर. आणि आम्ही ओमानमध्ये!

याला कारण झाली दिन्या सावंतची बायको. दिन्या आमचा फोरमन, चिपळूणचा. हौसेनं फॅमिली व्हिसा करून शुभांगीला आणलं, अल अमेरातला फ्लॅट घेतला, आणि सुट्टीचा शुक्रवार उजाडला की हा पठ्ठ्या आमच्याबरोबर सहमच्या किनाऱ्यावर गळ टाकायला! ती बिचारी चार भिंतींत एकटी. बरोबर चल म्हटलं, तर उघड्यावर लोकांच्या नजरेसमोर दिवसभर बसायला ती तयार नव्हती, आणि तिचं काही चूक नव्हतं. शेवटी तिनं सांगून टाकलं, "मार्चमध्ये गावी गेले की मी परत येणार नाही." दिन्याची झोपच उडाली. तिच्यासाठी बंदिस्त, सावलीचा, चेन लावता येईल असा तंबू हवाच, असं ठरलं.

*

एक कॅनडावाला कन्सल्टंट नोकरी सोडून परत चालला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्याच्याकडे असे दोन तंबू निघाले. एक घसरगाडीवर बसवलेला, ओढत न्यायचा. दुसरा छत्रीसारखा फट्‌कन उघडणारा, आतून गोधडीसारखा जाड.

आमचे स्टोअरकीपर इब्राहिमभाई मुकादम दापोलीकडचे. त्यांचा जीव घसरगाडीवर. वाळूत ओढता येईल, वर बर्फाची पेटी ठेवता येईल, असं त्यांचं गणित. दिन्यानं मात्र दुसऱ्या तंबूचं कापड चिमटीत धरलं आणि तो खूशच झाला. इन्सुलेशन! जे थंडी बाहेर ठेवतं ते ऊनही बाहेर ठेवणार, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

तोच घ्यायचं ठरल्यावर कॅनडावाल्यानं विचारलं, तंबू कुठे लावणार? दिन्यानं समुद्राचा फोटो दाखवला. तो माणूस हसत हसत खुर्चीतच बसला आणि त्यानं बर्फात पिळून बसवायचे खिळे आम्हाला फुकट देऊन टाकले.

*

आता डक्टवाल्याच्या हातात तंबू दिला तर तो काय करणार? डक्टमधून हवा गळणं हे आमच्या धंद्यातलं महापाप. दुपारच्या सुट्टीत आम्ही यार्डात तंबू उभा केला. शिवण दिसली की लाव ॲल्युमिनियमची टेप. चेनच्या कडेला फट दिसली की लाव टेप. छपरावर चकचकीत फॉइल. कुठून म्हणून हवा गळेना!

दिन्या आत जाऊन बसला. आम्ही बाहेर कौतुक करत उभे. थोड्या वेळानं तो बाहेर आला तो उकडीच्या मोदकासारखा, चेहऱ्यावरून पाण्याच्या धारा. हवा गळत नव्हती, कारण ती आत येतच नव्हती.

मग मी पत्रा कापायची कात्री घेतली. एका बाजूला खाली खिडकी, समोरच्या बाजूला वर खिडकी, दोन्हींना उघडता येणारी जाळी. खालून गार हवा येईल, वरून तापलेली निघून जाईल. म्हणजे एसीचंच काम, फक्त एसी नाही.

*

पहिल्या शुक्रवारी शुभांगी आली खरी, पण चेहरा ताठ. सहमला पोचल्यावर कळलं की ते बर्फाचे खिळे वाळूत नुसतेच गोल फिरतात. शेवटी तांदळाच्या रिकाम्या गोण्या वाळूनं भरून चारी कोपऱ्यांना बांधल्या. ती आत गेली आणि चेन ओढून घेतली.

तासाभरानं एक म्हातारे ओमानी गृहस्थ काठी टेकत आले. पांढरं चकचकीत छप्पर आणि बंद दार त्यांनी नीट न्याहाळलं. मग बाही वर सारून इब्राहिमभाईंना हिंदीत विचारलं, "सुई लगानेवाला डॉक्टर कब आएगा?"

तंबूतून खदखदून हसण्याचा आवाज आला. ओमानात आल्यापासून तिला असं हसताना दिन्यानंही ऐकलं नव्हतं. तो गळाला आमिष लावायचं विसरून तसाच उभा राहिला.

*

त्यानंतरही मार्चचं तिकीट तसंच होतं, आणि ओमानला परत येण्याचा विषय काढला की ती दुसरंच काही बोलायची. पण ती येत राहिली. खिडकीतून बघत राहिली. एकदा खिडकीतूनच म्हणाली, एक गळ मलाही द्या.

गळ दिला. मग ओहोटी लागली आणि पाणी लांब गेलं. ती म्हणाली, तंबू पुढे घ्या. आता ह्या तंबूला तळ नसतो, कारण बर्फाला भोक पाडून आतूनच गळ सोडायचा असतो. आम्ही गोण्या सोडल्या, तिघांनी तंबू उचलला आणि चालू लागलो. आत शुभांगी एका हातात खुर्ची, एका हातात गळ घेऊन आमच्याबरोबर चालतेय! किनाऱ्यावरची पोरं वरातीसारखी मागून आली. इब्राहिमभाई पुढून ओरडत होते, "यल्ला, यल्ला, चला, बाजूला!"

पाण्याच्या कडेला तंबू टेकवला. तिनं खुर्ची मांडली, खिडकीतून गळ टाकला. आम्ही गोण्या आणायला मागे वळलो.

तेवढ्यात वारा आला.

तंबू उचलला गेला, गळाच्या काठीवरून अलगद निसटला आणि वाळूवर गडगडत निघाला. दिन्या जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे. मी गोणी टाकून दिन्यामागे. वळून पाहतो तर भर किनाऱ्यावर, सगळ्यांच्या देखत, शुभांगी खुर्चीत ताठ बसलेली. काठी वाकलेली. दोरा ताणलेला. पोरं तिच्याभोवती गोळा झाली होती आणि तिचं कुणाकडेही लक्ष नव्हतं.

"अहो, त्याच्यामागे कुठे पळताय?" ती तिथूनच म्हणाली. "इकडे या, मासा सुटेल. आणि पुढच्या शुक्रवारी मला ती लांब काठी हवी."