मटणाला लाल, माशाला पांढरी, मदनशेठला मोसंबी

कीटकनाशकं विकणाऱ्या माणसाकडे किस्से किती असतात म्हणून सांगू! आमचा खरा धंदा कपाशीवर अळी पडली की. तेव्हा चार महिने जेवायला फुरसत नसते. उरलेले आठ महिने जळगावच्या डेपोत बसायचं, चहा प्यायचा आणि आलेल्या डीलरला विचारायचं, "काय आबा, नवीन काय?" एवढं विचारलं की झालं. एक किस्सा निघतो, त्याच्या पोटातून दुसरा निघतो.

वाइनचे किस्से मात्र बहुतेक सगळे एकाच वर्षातले. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी तिथं सेल्स ऑफिसर होतो.

आमचे एरिया मॅनेजर प्रधानसाहेब मूळचे पुण्याचे. हेड ऑफिसच्या कुठल्याशा पार्टीत त्यांना वाइनचा नाद लागला होता. त्या वर्षी धुळ्याच्या डीलर मीटिंगमध्ये त्यांनी टाळी वाजवून जाहीर केलं, "यंदा टार्गेट पूर्ण करणाऱ्यांना मुंबईच्या फाइव्ह स्टार हॉटेलात वाइन पेअरिंग डिनर! प्रत्येक पदार्थाबरोबर त्याला शोभेल अशी वेगळी वाइन. अत्यंत महाग गोष्ट आहे, बरं का!"

कोणीच टाळी वाजवली नाही.

धुळ्याचे मदनशेठ उठले. पिढ्यान्‌पिढ्यांचे जैन व्यापारी. दारू तर सोडाच, कांदाही न खाणारे. "साहेब, जो पीता नहीं, उसका क्या?"

"शेठजी, तुम्हाला प्रत्येक पदार्थाबरोबर ज्यूस. मोसंबी, डाळिंब..."

"यानी इनाम दारू का, और मुझे मोसंबी! बीमार हूँ क्या मैं?"

मागच्या रांगेत भडगावचे भिकनआबा पाटील बसले होते. शेती सांभाळून दुकान चालवणारे, सरळ माणूस. पण कंपनीनं नुसतं कॅलेंडर दिलं तरी उलटं करून मागे काय छापलंय ते बघणारे. त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "साहेब, दारू पाजीसन ऑर्डरवर सही लेतस का तुम्ही?"

*

साहेबांना धास्ती वेगळीच. मुंबईत जनरल मॅनेजर असणार. त्यांच्यासमोर आपली माणसं वाइन गटागटा प्यायली तर? म्हणून त्यांनी धुळ्याला हायवेवरच्या एका परमिट रूममध्ये रिहर्सल ठेवली. हो, पिण्याची रिहर्सल!

काचेचे उंच ग्लास नव्हतेच, तेव्हा पाण्याच्याच ग्लासात थोडी थोडी लाल वाइन ओतली. साहेबांनी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "आधी वास. वाइन अर्धी नाकानं प्यायची असते. करा!"

सगळ्यांनी ग्लास फिरवले. दोघांचे शर्ट खराब झाले. भिकनआबांनी ग्लास उचलून परत टेबलावर ठेवला.

"आबा, वास घ्या ना!"

"साहेब," आबा म्हणाले, "वीस वरीस व्हयनात, लोकेस्ले सांगी ऱ्हायनू का औषधना डबाले नाक लावानं नही. आते तुम्हीच लावाले सांगतस?"

साहेबांनी रिहर्सल आटोपती घेतली.

*

मुंबईला निघायच्या दिवशी जळगाव स्टेशनवर आम्ही जमलो. भिकनआबा आले आणि त्यांच्यामागून अक्का! नवं कोरं नऊवारी, हातात डब्याची पिशवी. आबांच्या मंडळी.

साहेबांनी मला खांबाआड ओढलं. "अरे, पाटलांनी वहिनींना कसं आणलं? फक्त डीलर्सचं डिनर आहे!"

मी घाबरत घाबरत आबांकडे गेलो. आबांनी खिशातून कंपनीचं इंग्रजी आमंत्रण काढलं. गावातल्या हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. त्यातल्या 'पेअरिंग' शब्दावर बोट ठेवलं.

"याना अर्थ काय शे? जोडी. मास्तरनी सांगं."

"आबा, ती जोडी म्हणजे..."

"जोडी लिखेल शे ना? मंग काय बैलनी जोडी आनू?"

अक्कांचं तिकीट साहेबांनी स्वतः जाऊन काढलं.

*

हॉटेल असं की दार उघडणारा माणूसच मला मालक वाटला. लांबलचक टेबल, मेणबत्त्या, प्रत्येकासमोर ग्लासांची रांग. वाइन समजावून सांगणारा एक खास माणूस होता. काळा कोट, हातावर पांढरा नॅपकिन. त्यानं आबांच्या ग्लासात घोटभर वाइन ओतली आणि चव घेऊन पसंती सांगावी म्हणून अदबीनं थांबला.

आबांनी ग्लासकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सपनी का?"

मी सांगितलं, संपली नाही, आधी चाखायची, आवडली तर तो आणखी ओततो. आबांना ते पटलं. दुकानदारच शेवटी! मालाचं सॅम्पल म्हटल्यावर सगळं कळलं.

मटणाबरोबरची लाल वाइन आली तेव्हा त्या माणसानं इंग्रजीत बरंच काही सांगितलं. आबांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हनस?"

मी भाषांतर केलं, "आबा, तो म्हणतो, हिच्यात ओल्या मातीचा वास आहे. थोडा तंबाखूचा, थोडा जुन्या चामड्याचा."

आबांनी तोंडाशी नेलेला ग्लास खाली आणला.

"मंग गाळीसन आन म्हना त्याले!"

*

मदनशेठ त्या टेबलावरचे सगळ्यात शुद्धीतले गृहस्थ. मोसंबीचा ग्लास पुढ्यात ठेवून साहेबांवर नजर ठेवून होते. साहेबांसमोर दोन लाल वाइन होत्या, एक कोंबडीबरोबरची आणि एक मटणाबरोबरची. साहेब जनरल मॅनेजरना समजावून सांगत होते, की मटणाला हीच का लागते, ती दुसरी घेतली तर सगळा घास कसा फुकट जातो.

साहेबांचं बोलणं संपलं तसे मदनशेठ हळूच वाकून म्हणाले, "साहेब, माफ करना. आप उधर बात कर रहे थे, तब मैंने दोनों ग्लास बदल दिये थे."

साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी एक घोट घेतला, जीभ फिरवली आणि म्हणाले, "तरीच! तरीच मला मघापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं!"

मदनशेठ मोसंबीचा घोट घेत म्हणाले, "नहीं बदले थे."

जनरल मॅनेजर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. साहेबांनी मात्र त्यानंतर दोन्ही ग्लास हातातून सोडले नाहीत. बाथरूमला गेले तेही ग्लास घेऊनच!

*

आता आबांची खरी पंचाईत ऐका. जेवण झालं, आइस्क्रीम झालं, भाषण झालं. आबा वाट बघत होते, आता ऑर्डरचे कागद निघतील, आता सह्या मागतील. त्यासाठी त्यांनी चष्मासुद्धा मुद्दाम घरी ठेवला होता. "चष्मा नही, सही कशी करू?" हे उत्तर तयार!

कोणी कागदच काढला नाही. सगळ्यांना पानविडा देऊन निरोप दिला.

परतीच्या गाडीत आबा मला तीनदा विचारून गेले, "सही काबरं नही लिधी?" मी म्हटलं, "आबा, बक्षीस होतं ते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कटात मीही सामील आहे.

पुढे महिनाभर आबांचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. भडगावची ऑर्डर आली नाही तर माझं प्रमोशन गेलंच होतं. मी दोनदा दुकानावर गेलो तर आबा मळ्यात. मळ्यात गेलो तर आबा पाचोऱ्याला.

शेवटी एके दिवशी तेच डेपोत आले. चेहरा ओढलेला. टेबलावर हात आपटून म्हणाले, "ले, लिखी ले ऑर्डर! गेल्या सालनी दीडपट लिख."

"आबा, मी कुठं मागितली?"

"तेच ना! तू मांगत नही, साहेब मांगत नही, माले झोप लागत नही!"

*

वर्ष सरताना प्रधानसाहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "साहेब, खरं सांगा. एवढी महाग वाइन, एवढा थाट. पदार्थागणिक चवीत खरंच तेवढा फरक पडतो?"

साहेबांनी दार लोटून घेतलं. "कोणाला बोलू नकोस. एरवी पडत असेलही. पण त्या दिवशी मला सडकून सर्दी झाली होती. मला मटणाचासुद्धा वास येत नव्हता."

*

नव्या साहेबांनी पुढच्या वर्षी बक्षिसात निवड ठेवली. मुंबईचं तसंच डिनर, जोडीनं, नाहीतर घरी रंगीत टीव्ही. आबांनी एका क्षणात टीव्ही सांगितला. "टीवी दखास तरी. ते पानी कथं गयं, समजनं नही."

दोन दिवसांनी दुपारी डेपोच्या दारात अक्का उभ्या. भडगावहून एसटीनं एकट्याच आलेल्या. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"भाऊ, ते टीवी खोडी टाक. जेवन लिख."

मी चाट पडलो. "अक्का, तुम्ही तर त्या वाइनला हातही लावला नव्हता!"

"तिले काय करनं शे? आंबट का गोड, माले ठाऊक नही."

"मग जेवण आवडलं होतं का?"

"फिक्कं व्हतं. तिखट नही, काही नही."

"मग अक्का, टीव्ही का नको?"

अक्कांनी पदर सारखा केला. 

"लगीन व्हयनं तैपाशीन यास्ना मांगे जेवस मी. सासू गयी, पोरं मोठा व्हयनात, तरी तसंच. तठे त्या काळा कोटवालानी पहिले माले वाढं. तुमना आबा बठेल, तुमना साहेब बठेल, साहेबना साहेब बठेल. बठ्ठा लोक थांबेल. मी घास लिधा, मंग त्यास्नी लिधा."

मी रजिस्टर ओढलं आणि टीव्ही खोडला.

अक्का उठल्या. पिशवी काखेत घेतली, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"आबास्नी इचारं तर सांगजो, टीवी सपी गयात."