कोळी येऊन गेला

हसा खुशाल, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हा घोळ सांगत होतो, तर एकाच्या नाकातून आला होता.

सायबर कॅफेचे दिवस होते ते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून मी निवृत्त झालो, इंदिरानगरात फ्लॅट घेतला आणि वर्षभरात मंगल, म्हणजे आमची ही, गेली. मुलगा ऑस्ट्रेलियात. घरात आवाज करणारं कोण? फक्त कुकर! शिट्ट्या मोजणं हाच काय तो संवाद.

वीजकेंद्राच्या कॉलनीतली जुनी मंडळीही चार दिशांना पांगलेली. म्हटलं, आपण वेबसाइट काढू. कॉलनीचे फोटो, गणपतीतली नाटकं, आणि सगळीकडे पुढे मंगल. कुणीतरी शोधेल, फोन करेल. एक फोन आला असता तरी बास होतं हो मला!

कोपऱ्यावर सुनंदाबाईंचा कॅफे होता. बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. बाणा इतका कडक, की माउसला उंदीर म्हणायच्या. त्यांनी सहा पानं करून दिली. पण इंटरनेटवर शोधायला गेलं की आमचं पान काही सापडेना.

"मी कळवलंय तिकडे," बाई म्हणाल्या. "आता कोळी येईल, एकेक पान बघेल आणि यादीत नोंद करेल. मग सापडाल."

"कधी येतील?"

"त्याचा काय नेम? आठ दिवस, महिना. दार उघडं ठेवा म्हणजे झालं."

भल्या माणसाला बाई अरेतुरे करतात, हे मला जरा खटकलंच.

मग काय! माझं फिरायला जाणं बंद. सहाही पानं छापून टीपॉयवर मांडली. मंगलच्या वहीत बघून पातळ पोह्यांचा चिवडा केला. अकराव्या दिवशी बेल वाजली. दारात घामाघूम माणूस, काखेत फायली.

"काका, मी कोळी. यादीचं काम होतं."

"या, या! कधीची वाट बघतोय!" मला रडूच फुटायचं बाकी होतं. तो बिचारा मतदार यादीसाठी दारोदार फिरत होता, हे मला काय ठाऊक?

"घरात किती जण?"

"एकटाच. आधी पानं बघा."

एकेक पान त्याच्या हातात दिलं. तो बघत राहिला, चिवडा खात राहिला.

"या कोण?"

"ही मंगल."

"मंगल काकू? यांचं नाव हाय की यादीत! कुठंयत?"

"गेली हो. दीड वर्ष झालं."

"अरेरे! मग नाव वगळावं लागंल काका. हा अर्ज भरा."

मी 'वगळावं' ऐकलंच नाही, 'अर्ज' तेवढा ऐकला. नावाचा रकाना दिसला की माणूस काय लिहितो? स्वतःचं नाव! लिहिलं आणि झोकात सही ठोकली. त्यानेही न वाचताच अर्ज फायलीत सारला. एक हात चिवड्यात होता ना. दोन तास बसला. जाताना म्हणाला, "लय भारी चिवडा काका. एवढं कुणी बसवून घेत नाय."

मी धावत कॅफेत. "बाई, कोळी येऊन गेले! दोन तास बसले, चिवडा खाल्ला!"

"चिवडा?" बाईंनी चष्मा काढला. मग हातातल्या पट्टीने छताचा कोपरा दाखवला. तिथे जाळं होतं आणि जाळ्यात आठ पायांचा एक. "अहो, हा कोळी! इंग्रजीत स्पायडर. माणूस नाही, प्रोग्राम असतो तो! पानांवरून फिरत जातो."

सगळा कॅफे हसला. मीही हसलो. घरी येऊन उरलेला चिवडा एकट्यानेच संपवला.

महिन्याभराने खरा कोळी येऊन गेला. माझं नाव टाकलं की लगेच मी हजर! फोन मात्र कुणाचाच आला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग नवी मतदार यादी लागली. मंगलचं नाव जागच्या जागी, आणि माझं वगळलेलं! जगात कुठूनही शोधा, मी सापडतो. आमच्या वॉर्डात मात्र मी वारलो होतो, तेही स्वतःच्या सहीने.

म्हणजे यादीप्रमाणे त्या फ्लॅटमध्ये आता मंगल एकटी राहत होती. घरी आलो, तिच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "घे! आता तू मोज कुकरच्या शिट्ट्या."