बटईची पिल्लं

मानमोडीची साथ आली तेव्हा आमच्या अंगणातल्या कोंबड्या पटापट गेल्या. उरली एक जोडी. सासूबाईंनी जपलेल्या वाणातली ही शेवटची जोडी, उंच टांगांची, कोणाच्या हाती न लागणारी. "आपल्या कोंबड्या मालकावरबी भरवसा ठेवत नाई," असं सासूबाई कौतुकानं म्हणायच्या. त्या वारल्या, वाण माझ्याकडे राहिला, आणि तो माझ्या हातून बुडतो की काय, याची मला धास्ती बसली.

कोंबडी अंडी घालायची, पण ती उबवायला खुडूक काही बसेना. कुंपणापलीकडच्या धाकट्या जावेची कोंबडी मात्र खुडूक होती. मग जुन्या रीतीनं बटई ठरली. अंडी माझी, ऊब तिच्या कोंबडीची, पिल्लं निम्मी-निम्मी.

पिल्लं जरा मोठी झाली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. आमची पिल्लं कशी काटकुळी असतात. ही गुबगुबीत, छातीनं भरलेली. जावेनं माझी अंडी तळून खाल्ली आणि हिंगणघाटच्या बाजारातली संकराची पिल्लं कोंबडीखाली सोडली, असं मी ठरवूनच टाकलं. विचारलं मात्र नाही. वांगी तोडताना, धुणं वाळत घालताना कुंपणावरून पाळत ठेवली. एकदा तिच्या पडवीत कंपनीच्या खाद्याची गोणी दिसली, तेव्हा चोर पकडल्याचा आनंद झाला मला.

तिची मुलगी नागपुरात जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकते. गावरान आणि ब्रॉयलर यांच्या छातीच्या मांसात काय फरक असतो, यावरच तिचं काम चाललं आहे. सुट्टीत आली तेव्हा मी आडून आडून तिला विचारलं.

"मोठी आई, मांस वाढवणारे जीन सगळ्याच कोंबड्यांत असतात," ती म्हणाली. "ब्रॉयलरमधी ते जोरात काम करतात, गावरानमधी दमानं. पण खायले काय घातलं, त्यानंबी फरक पडते. आईनं याईले कंपनीचं खाद्य घातलं. तुहा वाण बुडन म्हणून भेव होतं तिले."

पोरगी हुशार, पण शेवटी तिचीच ना. ती आईची बाजू घेणार नाही तर काय माझी घेणार? मी मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षर खरं मानलं नाही.

मग एका सकाळी घार आली. मी कुंपणाशीच होते. सावली अंगणावरून सरकली. बाजारातली पिल्लं अशा वेळी माना वर करून बघत उभी राहतात. ही पिल्लं मात्र कोंबडीनं हाक द्यायच्या आधीच पऱ्हाटीच्या ढिगाखाली गडप झाली. मागं राहिलं एकच, सगळ्यांत गुबगुबीत. तेही धावलं होतं, डोकंही आत खुपसलं होतं, पण खाद्यावर वाढलेली छाती काटक्यांतून आत जाईना. घारीनं ते उचललं.

जाऊ ओरडत घरातून धावत आली. मीही ओरडले, पण हर्षानं. "आपलेच होय! आपलेच होय हे!"

ती जागच्या जागी थांबली. रिकाम्या आभाळाकडून तिनं माझ्याकडं नजर वळवली. "म्हणजे, दुसऱ्याचे वाटून राह्यले होते का तुमाले?"

संध्याकाळी ती टोपली घेऊन माझ्या दारात आली. निम्मी नव्हे, सगळीच पिल्लं आणली होती.

"मोजून घेजा, बाई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर सगळी पिल्लं कुंपणाच्या फटीतून तिच्या अंगणात निघाली. ज्या कोंबडीनं त्यांना उबवलं ती तिकडं होती. मी कण्या टाकल्या, बोलावलं, एकानंही मागं वळून पाहिलं नाही. जाऊ पलीकडं उभी राहून बघत होती.

"राहू दे तुह्यापाशीच," मी म्हणाले. "तिथंच बरे हायेत."

तिनं एक पिल्लू उचललं. ज्या वाणाचं पिल्लू कोणाच्या हाती लागत नाही, ते तिच्या ओंजळीत निमूट बसलं.

"अन् उद्या हे दुसरेच वाटले तुमाले, तं?"