दोनच महिने

गाडीत बसताना दिनेशने माझ्या हातातली पिशवी काढून डिकीत ठेवली आणि म्हणाला, "आई, दोनच महिने. हाताचं प्लास्टर निघालं की मी स्वतः आणून सोडतो." नुसतं 'दोन महिने' म्हणाला असता तर मी विश्वास ठेवला असता. त्या 'दोनच'मध्ये कुठेतरी पाणी मुरत होतं. कापसाची वेचणी चालू होती, सगळं गाव रानात. निरोपाला फक्त तू होतीस मंगल, आणि आपली कुत्री काळी. मी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली तुझ्या हातात दिली. काळी फाट्यापर्यंत गाडीमागे धावत आली. थोडा वेळ मी मागच्या काचेतून पाहिलं, मग पाहायचं बंद केलं.

हे तुम्हा दोघींसाठी लिहितेय. मंगल, तू माझी जाऊ, पहूरजवळच्या आपल्या गावातून कधी हलली नाहीस. कमल, तू माझी धाकटी बहीण, लग्न होऊन सुरतला गेलीस ती तिकडचीच झालीस. मी दोघींच्या मध्ये. आयुष्यात दोनदा घर सोडलं, आधी साक्रीकडचं माहेर आणि आता हे गावचं. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टर भरलं, त्यामुळे लिहायची खोड आहे आणि हजेरी घ्यायचीही. कोण आलं, कोण नाही, आणि जो नाही तो खरंच आजारी आहे का. मंगल, पुढे तुझ्याबद्दलही वाकडं लिहिलंय. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

दिनेशचं घर शहरात, देवपूर भागातल्या एका कॉलनीत. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. फिल्टरचं पाणी, वॉशिंग मशीन, माझ्यासाठी वेगळी खोली. सून वैशाली शाळेत शिकवते, बोलायला गोड आहे. पण सगळ्यांची दारं बंद. बेल वाजली की आधी भोकातून बघायचं, मग उघडायचं. गावात मी सकाळच्या चहापर्यंत दहा जणांशी बोललेली असायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेवटची भाकर. आपल्याकडे ताटलीतली शेवटची भाकर कुत्र्याची, सहा वर्षं ती काळीची होती. उंबऱ्याबाहेर बसून ती वाट बघायची, आत कधी पाऊल टाकलं नाही. इथे शेवटची भाकर डब्यात राहायची आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जायची.

प्लास्टर निघालं. संक्रांत झाली. मी पिशवी भरली आणि दाराजवळ नेऊन ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. त्यानंतरच्या रविवारी दिनेश "जळगावला काम आहे" म्हणून गेला आणि संध्याकाळी एक खोकं घेऊन आला. खोक्यात काळं, पोटावर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू. माझ्या बोटाएवढी शेपटी.

"मित्राकडची कुत्री व्याली," दिनेश म्हणाला. "आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तूच बघ याला, आई. तुझंच आहे."

कमल, हे ऐकलं आणि मला चाळीस वर्षांमागचं आठवलं. मी नवी नवरी, आखाजीच्या सणाला माहेरी येणार म्हणून तुम्ही झोका बांधून ठेवला होता. जायच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी, आबांनी, गोठ्यातली नुकती जन्मलेली वासरी माझ्या पुढ्यात आणली. "ही तुझी. तूच बघ हिला." तिची आई दूध द्यायची नाही, मी चमच्याने पाजायचे. आखाजी गेली, मी आले नाही. वासरी चौदा वर्षं जगली आणि तोवर मी तिथली होऊन गेले होते. आबा वाईट नव्हते, पण हुशार होते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पिल्लाकडे पाहिलं, दिनेशकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बाबा रे, हा डाव मी पाहिलेला आहे.

तेवढ्यात पिल्लू ज्यावर झोपलं होतं तो कपडा दिसला. गोधडीची पट्टी. लाल दोऱ्याचा बारीक टाका, कडेला अंगणवाडीच्या जुन्या पडद्याचं हत्तीचं कापड. आपल्या हातचा टाका माणूस विसरतो का? ती गोधडी गावच्या घरात, कुलपाच्या आत, खाटेवर घडी घालून ठेवलेली होती.

म्हणजे कुणीतरी माझं घर उघडलं होतं.

खोलीत गेले आणि पिशवी रिकामी केली. वैशालीला वाटलं, आईंना पिल्लू आवडलं. तसं काही नव्हतं. छडा लागेपर्यंत इथून हलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. निदान तेव्हा मी स्वतःला असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, मंगल. "घर बरंय ना?" तू म्हणालीस, "हो, कुलूप लावेल आहे तसंच." मी विचारलं, "काळी?" तू म्हणालीस, "असते इकडे तिकडे." मग तू लगेच वांग्यांचं बोलायला लागलीस आणि चार दिवसांनी एसटीने भरताच्या वांग्यांची अख्खी गोणी पाठवलीस. चोराच्या मनात चांदणं. निर्दोष माणूस दोन किलो पाठवतो. दिनेश फोन आला की गच्चीवर जाऊन बोलायचा. मी ठरवून टाकलं की घर विकायचं चाललंय, आणि तू त्यात सामील आहेस.

इकडे पिल्लाचं सुरू झालं. वैशालीने नाव ठेवलं ब्रूनो. मी म्हणायचे लबाड, आणि तो लबाडला यायचा. पहिला आठवडा मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण दोघं कामाला गेले की घरात तो आणि मी. फरशीवर पाय घसरून तो पडायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू फरशी मीच पुसली. त्याच्यासाठी पॅड अंथरलेलं असायचं, तो नेमका माझ्या चपलेत मुतायचा. कुकरची शिट्टी झाली की माझ्या लुगड्यात शिरायचा. मोडलेल्या हाताला डॉक्टरने व्यायाम सांगितला होता, मूठ उघडायची, मिटायची. मी हात पुढे केला की तो बोटं चावत बसायचा. त्या सुईसारख्या दातांनी माझा हात मोकळा झाला, हे खरं आहे. तरी मी त्याला सांगायचे, "तुला कशाला आणलंय ते मला ठाऊक आहे. फार लाडात यायचं नाही." दुपारी तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपायचा आणि पायाला मुंग्या आल्या तरी मी हलायचे नाही.

त्याचं पाकिटातलं खाणं मला पसंत नव्हतं. गोट्यांसारखं कोरडं, वास कसलातरी. मी लपून त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर दुधात कुस्करून द्यायचे. शेवटची भाकर पुन्हा कामाला लागली, म्हणून जीव जरा निवला होता. मग एक दिवस, मंगल, तुझ्या वांग्यांचं भरीत केलं, भरपूर कांद्याची पात आणि लसूण घालून, आणि भाकरीबरोबर त्यालाही चांगलं वाटीभर दिलं. त्याने वाटी चाटून पुसून ठेवली. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं.

तिसऱ्या दिवशी तो उठेना. ओकला, नाकाशी हात धरला तर श्वास जोरात, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. मी दिनेशला फोन केला. तो आणि वैशाली काम टाकून आले. दवाखान्यात जाईपर्यंत मी त्याला पदरात धरलं होतं आणि एकच गोष्ट मनात होती, घर विकायचं तर विका, पण याला काही होऊ देऊ नका.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "काय खाल्लं याने?"

मी पटकन म्हटलं, "ते पाकिटातलं." वैशाली खाली बघत राहिली. तिला माझी वाटी ठाऊक होती, पण ती बोलली नाही. डॉक्टरने पुन्हा विचारलं, "याची आई कुठे आहे? तिला काही आजार? पिल्लं बाकीची जिवंत आहेत?"

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरला म्हणाला, "आमच्या गावची कुत्री. आजार नव्हता. पिल्लं महिन्याची असताना ती फाट्यावर गाडीखाली आली. बाकीची तीन गावात आहेत, चांगली आहेत."

फाट्यावर ती कशाला जायची, हे मी विचारलं नाही. मी तिथेच स्टुलावर बसले आणि रडले. रडता रडता खरं सांगून टाकलं, भरीत, पात, लसूण, वाटीभर, दोन दिवस. डॉक्टर म्हणाली, "आजी, कांदा-लसूण कुत्र्याला विषच." त्या टेबलावर ते एवढंसं पिल्लू, आणि भोवती आम्ही तिघं. लबाड नाव मी त्याला एकट्यालाच उगाच दिलं होतं.

सलाईन लागलं. तिथेच बाकावर दिनेशने सगळं सांगितलं. काळी ओट्यावर व्याली, थंडी कडाक्याची, कुणाला जवळ येऊ देईना. मंगल, तू त्याला फोन केलास. त्याने येऊन कुलूप काढलं, पडवीत गोधडी अंथरली आणि काळीला उचलून आत घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ती उंबऱ्याच्या आत गेली, तेही मी नसताना. रोज शेवटची भाकर तू तिला देत होतीस. आणि मी तुझ्या वांग्यांवर संशय घेतला.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर प्लास्टरचा हात घेऊन एसटीत बसली असतीस."

बसलेच असते. "आणि हा? मला बांधून ठेवायला आणलास ना?"

"हो," तो म्हणाला. "तेही होतं. तू तिथे न्हाणीत पडलीस आणि दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही, आई." मला खोटं ऐकायची सवय झाली होती, त्यामुळे या उत्तराचं काय करावं ते समजेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बरा झालेला हात.

लबाड चौथ्या दिवशी शेपटी हलवत उठला. आता तो पाकिटातलंही खातो आणि कोरी भाकरही. दोन्ही माझ्याच हातून.

आखाजीला दिनेशने गावी आणलं. लेकीबाळी माहेरी येतात त्या सणाला मी चौसष्टाव्या वर्षी सासरी आले, माहेरी आल्यासारखी. घर होतं तसं होतं. मंगल, तू झाडून ठेवलं होतंस. गोधडीची एक कड कापलेली, आणि ओट्यावर काळीची ताटली पालथी. तिच्यापाशी मी बराच वेळ बसले. मला वाटलं होतं लबाड घर ओळखेल, इथेच जन्मला. त्याने पडवी हुंगली, गोधडी हुंगली, शिंकला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी ओट्यावर बसले तर ओट्यावर बसला. मी चुलीपाशी गेले तर उंबरा ओलांडून चुलीपाशी आला. मी त्याला हाकललं नाही. आमचे वडील, नाना, म्हणायचे, "जठे पोट भरस, तठे आपलं घर शे." नाना स्वतः साक्रीच्या पुढे कधी राहिले नाहीत, त्यांना म्हणायला काय जातं. पोट मला दोन्हीकडे भरतं. मी कुठे बसते याकडे इतकं लक्ष ठेवणारं मात्र पूर्वी कुणी नव्हतं. कमल, तुला सुरत कधी आपलं वाटलं, हे मी तुला इतक्या वर्षांत विचारलं नाही. कळव.

पाचव्या दिवशी गाडी दारात आली. मी कुलूप लावलं, एकदाच ओढून पाहिलं. मंगल, तू विचारलंस, "अक्का, आता कधी येशीन?" लबाड आधीच गाडीत चढून माझ्या जागेवर बसला होता. मी किल्ली तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "येते ना. दोनच महिने."

तू माझ्याकडे जसं पाहिलंस ना, तसंच मी त्या दिवशी दिनेशकडे पाहिलं होतं.